वाचकांचे प्रश्न : भाषणं बघायची की रियाज करायचा?

गेल्या काही आठवड्यांत आलेले बरेचसे मेसेज एकाच विषयावरचे आहेत, गाणं शिकणाऱ्या मुलामुलींचे, कॉलेजात शिकणाऱ्यांचे आणि त्यांच्या आईबाबांचेही, की ताई प्रेरणा देणारी चांगली भाषणं सुचवा ना, इंटरनेटवर इतकं काही पडलंय की काय बघावं तेच कळत नाही. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. मी गाणं शिकवते त्यामुळे माझी उत्तरं थोडी गाण्याकडे झुकतील, पण अभ्यासाचं आणि रियाजाचं गणित फारसं वेगळं नसतं असा माझा अनुभव आहे.

ताई, मी 17 वर्षांची आहे, पाच वर्षं गाणं शिकतेय. घरी आणि क्लासमध्ये आवाज छान लागतो पण स्टेजवर गेले की घसा कोरडा पडतो, आवाज थरथरतो, श्वास पुरत नाही आणि सोपी तानसुद्धा घसरते. कुठलं भाषण बघितलं तर ही भीती जाईल?

बघून भीती जाईल असं भाषण मला माहीत नाही गं, पण भीती असतानाही गाता येतं हे डोळ्यांनी बघायला मिळेल अशी दोन नक्की आहेत आणि दोन्ही गाणाऱ्यांचीच आहेत.

पहिलं जो कोवन या गायकाचं, 2013 चं, टेड या भाषणांच्या साइटवर मिळेल. हा माणूस वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी पहिल्यांदा ओपन माइकला, म्हणजे कोणीही येऊन गाऊ शकतं अशा कार्यक्रमात, गायला उभा राहिला आणि तुझं होतं तेच सगळं त्याचं झालं. त्याने ठरवलं की दर आठवड्याला जायचं, सवयीने भीती जाईल, पण ती काही गेली नाही, आठवड्यामागून आठवडे तेच! मग त्याने काय केलं तर स्टेजच्या भीतीवरच एक गाणं लिहिलं आणि ते अशा बेताने बांधलं की आवाज कापला, श्वास अपुरा पडला तरी ते त्या गाण्यात शोभूनच दिसावं. कार्यक्रमाच्या सुरुवातीला ते गायचं, समोरचे हसतात, यालाही मोकळं वाटतं आणि मग पुढची गाणी नीट होतात. भाषणात तो ते गाणं गाऊनही दाखवतो. यातलं आपल्या कामाचं काय, तर कार्यक्रमात पहिलं काय गायचं ते भीती धरून ठरवायचं. बहुतेक मुली सगळ्यात अवघड चीज पहिली घेतात कारण तिचीच तयारी जास्त केलेली असते, आणि पहिली तीन मिनिटं तर शरीर ताब्यात नसतं. तू आधी मध्य सप्तकातलं, लहान लहान ओळींचं, मध्ये श्वास घ्यायला भरपूर जागा असलेलं काहीतरी ठेव.

दुसरं मेगन वॉशिंग्टन या ऑस्ट्रेलियन गायिकेचं, 2014 चं, सिडनीच्या टेडएक्समधलं, म्हणजे टेडच्या धर्तीवर गावोगावी होणाऱ्या कार्यक्रमातलं. ती लहानपणापासून अडखळत बोलते. ठरावीक अक्षरं जुळून आली की जीभ अडते म्हणून ती ते शब्द टाळते, ऐन वेळी वाक्य फिरवते, पण माणसाचं नाव कसं बदलणार, ते तर घ्यावंच लागतं. आणि हीच मुलगी गायला लागली की एकदाही अडखळत नाही. बोलताना तिला किती कष्ट पडतात ते आपण समोर बघत असतो आणि मग शेवटी ती गाते. मी माझ्या विद्यार्थिनींना हे दाखवते तेव्हा आधी काहीच सांगत नाही, तूही आधी काही वाचू नकोस, फक्त बघ.

आता भीतीचं थोडं. स्टेजवर जे होतं ना ते अॅड्रेनलिनमुळे, हृदय जोरात चालतं, तोंड सुकतं, श्वास वर वर छातीतच राहतो. आपण स्वतःला सांगतो की शांत हो, शांत हो, आणि शरीर काही ऐकत नाही. अॅलिसन वुड ब्रुक्स या संशोधिकेचा 2014 मध्ये छापून आलेला एक प्रयोग आहे, त्यात लोकांना अनोळखी माणसांसमोर कराओकेवर गायला लावलं होतं आणि त्याआधी काहींनी ‘मला घाबरायला होतंय’ असं म्हणायचं तर काहींनी ‘मला जाम उत्साह वाटतोय’ असं म्हणायचं. सूर, लय वगैरे मशीनने मोजलं तर उत्साह म्हणणारे जास्त चांगले गायले. म्हणजे धडधड तीच राहते, तिला नाव दुसरं द्यायचं. हे करून बघायला काही लागत नाही.

आणि एक घरी करायचं. दोन जिने पटपट चढून ये, धाप लागलेली असतानाच सा लाव आणि पहिली ओळ गा. पहिल्या दिवशी फार वाईट जाईल, जाऊ दे. धडधडत्या छातीने श्वास खाली कसा न्यायचा हे शरीराला आधीच शिकवून ठेवलं तर स्टेजवर ते नवं राहत नाही. (दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर हे करू नकोस.)

जाता जाता, स्टेजवर जायच्या आधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून ताठ उभं राहायचं असं सांगणारं एमी कडी यांचं 2012 चं भाषण तुला बऱ्याच जणांनी सुचवलं असेल. ते खूप गाजलं, पण त्यातला हार्मोन बदलतात हा दावा नंतर जास्त माणसं घेऊन केलेल्या प्रयोगांत टिकला नाही आणि 2016 मध्ये मूळ संशोधनातल्या एका सहकारी संशोधिकेनेच सांगितलं की माझा आता यावर विश्वास नाही. ताठ उभं राहण्यात वाईट काहीच नाही, गाताना तसंच उभं राहावं, फक्त त्यावर विसंबून राहू नकोस.

मी 19 वर्षांचा, इंजिनिअरिंगला आहे. रोज रात्री झोपताना एक तरी मोटिवेशनल भाषण बघतो, बघताना अंगावर काटा येतो, उद्यापासून सगळं बदलायचं असं ठरवतो आणि सकाळी परत जैसे थे. माझ्यातच काही कमी आहे का?

अजिबात नाही. भाषण बघताना जो काटा येतो तो खरा असतो, पण तो रात्री येतो आणि त्यानंतर तू झोपतोस, तर तो वापरायला जागाच राहत नाही. आधी वेळ बदल. अभ्यासाला बसायच्या आधी, वही-पेन समोर मांडून झाल्यावर बघ आणि एकच बघ, ते संपलं की मोबाईल दुसऱ्या खोलीत.

आणि काय बघायचं तेही जरा निवड. नुसती हवा भरणारी भाषणं चार तास पुरतात. तुझं नेमकं अडतं कुठे ते बघ. काम ढकलत राहतोस आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागा होतोस, असं असेल तर टिम अर्बन यांचं 2016 चं टेड भाषण. डोक्यात एक माकड बसलंय ज्याला आत्ताच्या आत्ता मजा हवी असते आणि ते फक्त एकाच राक्षसाला घाबरतं, तो राक्षस डेडलाइन जवळ आली की जागा होतो, असं चित्र काढून काढून सांगितलंय. खूप हसायला येतं पण खरी गोष्ट शेवटच्या काही मिनिटांत आहे. ज्या कामांना डेडलाइनच नसते तिथे तो राक्षस येतच नाही, मग ती कामं वर्षानुवर्षं तशीच राहतात. गाणं शिकणाऱ्यांनी हे लक्ष देऊन ऐका, रियाजाला कुठे डेडलाइन असते?

बसतोस पण तरी मार्क वाढत नाहीत असं असेल तर एदुआर्दो ब्रिसेन्यो यांचं 2016 चं बघ. ते सांगतात की शिकायचा वेळ वेगळा आणि करून दाखवायचा वेळ वेगळा. शिकताना जे जमत नाही तेच धरायचं, चुका होणारच असं धरून चालायचं. करून दाखवताना जे जमतं ते चुका टाळत मांडायचं. आपण बहुतेक वेळ दुसऱ्याच प्रकारात घालवतो. डेमॉस्थिनीस या जुन्या ग्रीक वक्त्याचं उदाहरण त्यात आहे, तोंडात खडे ठेवून उच्चार सुधारायचा, समुद्राकाठी लाटांच्या आवाजात बोलायची सवय करायचा कारण सभेत गोंगाट असायचा. म्हणजे जिथे कमी पडतंय नेमकं तिथेच बोट. माझ्याकडे येणारी मुलंसुद्धा घरी रियाज म्हणून पूर्ण गाणं पाच वेळा गातात, जिथे सूर घसरतो ती अर्धी ओळ मात्र पाचही वेळा तशीच घसरते, आणि आपण तासभर रियाज केला असं त्यांना खरंच वाटत असतं. तासभर गाणी झाली, रियाज नाही झाला.

चिकाटीवर अँजेला डकवर्थ यांचं 2013 चं भाषण सहाच मिनिटांचं आहे. मला त्यातला एक प्रामाणिकपणा फार आवडतो, त्या स्वतः गणित शिकवत होत्या, मग मानसशास्त्राकडे वळल्या, चिकाटी किती महत्त्वाची ते त्यांनी अभ्यासलं आणि तरी भाषणात सरळ सांगतात की मुलांमध्ये ती रुजवायची कशी ते मला माहीत नाही. त्यातल्या त्यात चांगली कल्पना म्हणून त्या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांच्या कामाकडे बोट दाखवतात, म्हणून ते दोन्ही लागोपाठ बघ. ड्वेक यांच्या 2014 च्या भाषणात शिकागोतल्या एका शाळेची गोष्ट आहे, तिथे मुलगा पास झाला नाही तर नापास न लिहिता ‘अजून नाही’ असा शेरा देत. ‘मला इंटिग्रेशन येत नाही’ आणि ‘मला इंटिग्रेशन अजून येत नाही’, मोठ्याने म्हणून बघ दोन्ही.

शेवटचं एक. भाषण संपल्यावर ते बंद करून, परत न बघता, काय ऐकलं ते पाच ओळींत लिही. रोडिगर आणि कार्पिकी या दोन संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलंय की तोच मजकूर परत परत वाचणाऱ्यांपेक्षा एकदा वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो, पाच मिनिटांनी विचारलं तर मात्र परत वाचणारेच पुढे असतात, म्हणून तर आपण फसतो, वाचून झाल्या झाल्या वाटतं सगळं येतंय. ही सवय तुला भाषणांपेक्षा अभ्यासाला जास्त उपयोगी पडेल.

माझी मुलगी 15 वर्षांची आहे, छान गाते. कुठलंसं भाषण बघून आली आणि म्हणते कॉलेज सोडलेले लोकच मोठे होतात, मलाही शिक्षण सोडून फक्त गायचंय. रागावलो तर बोलणंच बंद केलं तिने. काय करू?

रागावू नका, आणि भाषण बघायची बंदी तर मुळीच घालू नका. उलट तिच्याबरोबर बसून तेच भाषण परत बघा. बहुतेक ते स्टीव्ह जॉब्स यांचं स्टॅनफर्डमधलं, 2005 चं असणार, नसलं तरी ते लावा. त्यातली पहिली गोष्ट नीट ऐका दोघंही. त्यांनी कॉलेजची पदवी सोडली हे खरं, पण सोडल्यावर ते पुढे दीड वर्ष त्याच कॉलेजात घुटमळत होते, आवडतील त्या वर्गात जाऊन बसत होते, सुंदर अक्षर काढायचं शिक्षण त्यांनी तिथेच घेतलं आणि दहा वर्षांनी अॅपलच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरमधल्या अक्षरांना ते उपयोगी आलं. म्हणजे ती गोष्ट जास्त शिकल्याची आहे! लोक एक वाक्य उचलतात आणि तेवढंच फिरवतात.

तुमच्यासाठी मात्र वेगळं भाषण आहे. शिक्षणतज्ज्ञ केन रॉबिन्सन यांचं 2006 चं, शाळा मुलांची सर्जनशीलता मारतात का या विषयावरचं, टेडच्या सर्वात जास्त बघितल्या गेलेल्या भाषणांपैकी एक. त्यात जिलियन लिन यांची गोष्ट आहे. शाळेत ही मुलगी एका जागी बसायची नाही, अभ्यासात लक्ष नाही, म्हणून आईने डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, खोलीतला रेडिओ लावून ठेवला आणि आईला घेऊन बाहेर आले, बाहेरून बघतात तर मुलगी नाचतेय. ते म्हणाले की ही आजारी नाही, ही नर्तिका आहे, हिला नाचाच्या शाळेत घाला. पुढे त्या फार मोठ्या नृत्यदिग्दर्शिका झाल्या. तुम्ही हे बघितलंत की तुमच्या मुलीला काय म्हणायचंय ते कदाचित जास्त कळेल. आणि रॉबिन्सन शाळा सोडा असं म्हणत नाहीत, वाचता-लिहिता येण्याला जो मान आहे तोच सर्जनशीलतेलाही द्या असं म्हणतात, हे तिलाही ऐकू दे.

गाणं हेच करिअर करायचं असेल तर तिला लेखक नील गेमन यांचं 2012 चं, फिलाडेल्फियाच्या कला विद्यापीठातलं भाषणही दाखवा. ते स्वतः कॉलेजला गेले नाहीत, आणि तरी त्यात कष्टाचं, पैशांचं, वेळ पाळण्याचं बोलणं आहे. ते म्हणतात स्वतंत्रपणे काम करणाऱ्याला काम मिळत राहतं कारण काम चांगलं असतं, माणूस वागायला बरा असतो आणि तो वेळेवर देतो, आणि तिन्हीतल्या दोन असल्या तरी चालून जातं. 15 वर्षांच्या मुलीला हे आत्ता कळलं तर किती चांगलं. अभ्यास आणि गाणं यात भांडण लावू नका, दिवसातला रियाजाचा एक तास घरातल्या सगळ्यांनी मानायचा, त्यात कोणी हाक मारायची नाही, एवढं तुम्ही तिला द्या आणि मग अभ्यासाचं बोला.

भाषणं इंग्रजीत असतात, मला ते फास्ट बोलणं कळत नाही.

स्पीड पाऊण पटीवर आण, सबटायटल चालू कर. टेडच्या साइटवर बऱ्याच भाषणांचा लिखित मजकूर असतो आणि काहींना स्वयंसेवकांनी केलेली मराठी, हिंदी सबटायटल्सही आहेत. आधी मजकूर वाच, मग बघ. खाली मी गाण्याची म्हणून जी सांगितली आहेत त्यातल्या बऱ्याचशांत तर शब्द कमी आणि सूर जास्त आहे.

मी 23 वर्षांची. गाणं आत्ता सुरू केलंय. क्लासमधल्या लहान लहान मुली माझ्यापेक्षा छान गातात, माझा आवाजही जाड आहे. कशातही तरबेज व्हायला दहा हजार तास लागतात हा नियम ऐकून तर वाटतं आता काय उपयोग?

तो दहा हजारांचा आकडा डोक्यातून काढून टाक आधी. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा 1993 चा व्हायोलिन शिकणाऱ्यांवरचा अभ्यास होता, त्यात सर्वात चांगल्या मुलांचा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतचा सरासरी रियाज तेवढा निघाला होता. सरासरी! त्यातले कितीतरी जण त्याच्या खालीच होते. नियम असा कोणी काढलाच नव्हता आणि एरिक्सन यांनी नंतर ते स्वतः सांगितलं. शिवाय ते जगातल्या उत्तमांत जाण्याचं गणित होतं, तुला गाता यायला हवंय. जॉश कॉफमन यांचं 2013 चं भाषण बघ, ते वीस तासांबद्दल बोलतात, रोज पाऊण तास धरला तर महिनाभर. त्यांनी तेवढ्या वेळात युकुलेली हे गिटारसारखं छोटं वाद्य शिकून तिथेच वाजवून दाखवलीय. वीस तासांत कोणी कलाकार होत नाही पण सुरुवातीची लाज निघून जाते, आणि मोठ्या वयात शिकणाऱ्याला ती लाजच जास्त अडवते.

एरिक व्हिटेकर हे समूहगायनासाठी रचना करणारे आजचे मोठे संगीतकार, यांचं 2011 चं भाषण. कॉलेजला गेले तेव्हा त्यांना स्वरलेखन वाचता येत नव्हतं, कोणीतरी युक्तीने कॉयरमध्ये, म्हणजे समूहगायनात, नेलं आणि मोझार्टचं रेक्विएम गाताना आयुष्य पालटलं. पुढे त्यांनी जगभरच्या लोकांकडून घरी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ मागवून त्यांचा एक कॉयर केला, पहिल्यांदा 185 जण आणि दुसऱ्या वेळी 58 देशांतून दोन हजारांवर. त्यात जाड, बारीक, कच्चे, पक्के सगळे आवाज आहेत आणि एकत्र ऐकलं की डोळे भरून येतात.

आणि एव्हलिन ग्लेनी. 2003 चं भाषण, मी दर वर्षी एकदा तरी बघते. बारा वर्षांच्या होईपर्यंत त्यांचं ऐकू येणं जवळजवळ गेलं होतं आणि त्या तालवादक झाल्या. तालवाद्याच्या कंपनांनी हाताला, पायाला, गालाला काय जाणवतं त्यावर वाजवतात. पहिल्या धड्याला काठ्या घेऊन तयार होऊन गेल्या तर गुरूंनी काठ्या न देता नुसता ड्रम दिला, म्हणाले घरी ने, पुढच्या आठवड्यात भेटू. आठवडाभर त्या ड्रमशी नुसत्या ओळख करून घेत बसल्या. लंडनच्या रॉयल अकादमीने आधी प्रवेश नाकारला होता तेव्हा त्या वाद घालून परत ऑडिशन द्यायला गेल्या आणि प्रवेश मिळवला. तुझा आवाज जाड आहे म्हणतेस ना, तर एक आठवडा त्याची नुसती ओळख करून घे, खर्जात हळू सा लाव, हात छातीवर ठेव, कुठे गुंजतो ते बघ. जाड आवाज ही तक्रार नाहीच, तुझी पट्टी बहुतेक चुकीची धरलीय, लहान मुलींच्या पट्टीत तू कशी गाशील? गुरूंना विचार.

चॅरिटी टिलेमन-डिक या सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या, गायिकेचं 2010 चं भाषणही अनेक जण सुचवतात, फुप्फुसांच्या गंभीर आजारात दोन्ही फुप्फुसं बदलल्यावर त्या उभ्या राहून गायल्या, 2019 मध्ये त्या गेल्या. मलाही ते बघताना रडू येतं. पण ते बघून आजारपणात, घसा दुखत असताना गात राहायचं असं कोणी मनावर घेऊ नका, कळकळीने सांगते. त्यांच्या मागे डॉक्टरांची फौज होती. आवाज बसला तर गाणं थांबवायचं, कुजबुजत बोलायचंही नाही, आणि तीन-चार आठवड्यांत सुधारला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचं. आवाज तापवायला ज्युलियन ट्रेझर यांच्या 2013 च्या भाषणाचा शेवट चांगला आहे, ओठ, जीभ, श्वासाचे साधे व्यायाम ते सगळ्या प्रेक्षकांना उभं करून करवून घेतात, आपणही करायचे.

मी संगीतशिक्षिका आहे, वर्गात 40 मुलं, तासातली फार तर दहा मिनिटं देता येतील. काय दाखवू?

वीस मिनिटांचं असूनही ऑर्केस्ट्राचे संचालक बेंजामिन झँडर यांचं 2008 चं दाखवा असं आधी वाटलं, कारण सात वर्षांचं मूल प्रत्येक सुरावर जोर देतं, आठव्या वर्षी एक सोडून एक, नवव्या वर्षी चार सुरांत एकदा, दहाव्या वर्षी आठ सुरांत एकदा, आणि अकराव्या वर्षी अख्खी ओळ एका ओघात कशी वाहते, हे ते पियानोवर वाजवून दाखवतात ते मुलांना लगेच कळतं. तेवढी सुरुवातीची पाच मिनिटं घ्या. बास गिटारवादक व्हिक्टर वूटन यांचं 2012 चं पाच मिनिटांचं पुढच्या आठवड्यात, पाच भावांत धाकटे, दोन-तीन वर्षांचे असल्यापासून मोठ्या भावांबरोबर वाजवत शिकले आणि म्हणतात की बाळ बोलायला जसं शिकतं, चुकत, मोठ्यांमध्ये बसून, तसं संगीत शिकवा.

पण उद्याच काही लावायचं असेल तर गायक बॉबी मॅकफेरिन, 2009, तीनच मिनिटं. ते स्टेजवर एका जागी उडी मारतात आणि एक सूर देतात, दुसऱ्या जागी उडी मारून दुसरा सूर देतात, आणि मग तिसऱ्या जागी उडी मारतात, सूर काही देत नाहीत, तरी अख्खं सभागृह न शिकवता बरोबर सूर लावतं. स्वर पाचच, आपल्या भूप रागात असतात तसे. मुलांना आधी काही सांगू नका, बाकं सरकवा आणि सगळ्यांना उभं करा, आणि एकदा बघून झालं की स्क्रीन बंद करून तुम्ही स्वतः उड्या मारा.